गच्चीवरचं अ‍ॅक्वापोनिक्स: पाण्याची वही

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

आज शेवटी पाणी भरलं. अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर खाली मासे आणि वर झाडं. पुण्यात धायरीतल्या आमच्या गच्चीवर, टाकीच्या शेजारी, जिथे दुपारी तीननंतर सावली येते तिथे. आयबीसीचे, म्हणजे लोखंडी जाळीतले मोठे चौकोनी प्लास्टिकचे, दोन टँक आणले होते (जुने, पण खाद्यतेलाचे, केमिकलचे नाही, हे आधी दहा वेळा विचारून घेतलं), त्यातल्या एकाचा खालचा भाग माशांसाठी, साधारण ७०० लिटर, आणि दोन्ही टँकच्या वरच्या कापलेल्या भागांचे दोन वाफे, प्रत्येकी सव्वा मीटर बाय एक मीटरच्या आसपास, त्यात फूटभर खडी. पंप पाणी वर टाकतो, वाफा भरला की बेल सायफन (पाणी ठरावीक उंचीला आलं की आपोआप ओढून घेणारा पाइप) ओढतो आणि सगळं पाणी धो धो करून खाली. पाइपातलं धरून एकूण पाणी ९०० लिटर. खडी साधी काळ्या दगडाची, आणि वरून दिसायला छान म्हणून दोन पोती पांढरे मार्बल चिप्स.

पाणी बोअरचं. नळाचं पाणी एक दिवसाआड येतं आणि त्यात क्लोरीन असतो म्हणून बोअरच बरं असं वाटलं. थेंबांचं टेस्ट किट आणलंय, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि वेगळं घेतलेलं केएच. पहिलं रीडिंग पीएच ८.२, केएच १६. केएच म्हणजे पाण्यात आम्ल जिरवायची किती ताकद आहे ते, एक अंश म्हणजे लिटरला १७.९ मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढी. १६ हा आकडा भरपूर आहे एवढंच आज कळलं.

११ फेब्रुवारी

मासे अजून आणले नाहीत आणि आणणार पण नाही, आधी बॅक्टेरिया तयार करायचेत. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. ही साखळी बसायच्या आधी मासे सोडले तर ते स्वतःच्याच अमोनियात मरतात, म्हणून अमोनिया बाहेरून द्यायचा. नवसागर वापरतोय. आज्जी सांगायची की कल्हईवाला दारात बसला की नवसागराचा पांढरा धूर आणि तो वास गल्लीभर व्हायचा, तोच हा, अमोनियम क्लोराइड. फक्त तो कल्हईचा खडा न घेता प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध घेतला, मासे आहेत शेवटी. ९०० लिटरला ७ ग्रॅम टाकले की साधारण २ पीपीएम (लिटरला २ मिलीग्रॅम) अमोनिया येतो.

मित्राच्या पाच वर्ष जुन्या फिश टँकमधला एक काळपट स्पंज पिशवीत घालून आणला आणि सायफनच्या जवळ खडीत दाबला. तेच विरजण.

२५ फेब्रुवारी

अमोनिया उतरतोय, नायट्राइट वर गेलंय, टेस्ट ट्यूब गर्द जांभळी. चांगलं लक्षण आहे, अर्ध काम झालं. नायट्रेटची टेस्ट करताना दोन नंबरची बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, नाहीतर तळाला बसलेलं रसायन थेंबात येतच नाही आणि नायट्रेट शून्य दिसतं, मी दोन आठवडे नुसती दोनदा हलवून टाकत होतो त्यामुळे आधीची नायट्रेटची सगळी रीडिंग खोडली.

१७ मार्च

काल सकाळी ७ ग्रॅम नवसागर टाकला, आज सकाळी अमोनिया शून्य नायट्राइट शून्य. पाच आठवडे लागले. साखळी बसली.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. आत्तापर्यंत एकूण ६० ग्रॅम नवसागर गेला, आणि अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं, हिशोब असा की एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढं. ६० ग्रॅमचं गणित मांडलं तर केएच सात अंशांनी उतरून ९ वर यायला हवं होतं. किट म्हणतंय १४. बाष्पीभवन होतं म्हणून बोअरचं पाणी वरून घालतोय, त्याचे दोनेक अंश धरले तरी बाकीचं कुठून येतंय?

मग लिंबू घेऊन वर गेलो. काळ्या खडीवर पिळलं, काही नाही, एकदोन दगडांत पांढरे ठिपके होते त्यावर जरासे बुडबुडे (आपल्या सह्याद्रीच्या दगडात असे पांढरे खनिजाचे खडे असतातच). मार्बल चिप्सवर पिळलं तर फसफस. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच की, आणि वाफ्यात जिथे बॅक्टेरिया आम्ल तयार करतात तिथेच मी ते पसरलंय. मग दोन्ही पोती हाताने वेचून काढली, चार तास गेले, कंबरडं मोडलं. खडी घ्यायच्या आधी लिंबू पिळून बघा, एवढं एक काम केलं तर पुढचे महिने वाचतात.

२० मार्च

वीस कोई (शोभेचे रंगीत मासे) आणले, बोटाएवढे. तिलापिया म्हणजे आपल्याकडचा चिलापी या कामाला सगळ्यात चिवट म्हणतात पण त्याला परवानगी लागते, आणि आमच्या घरात मासे कोणी खात नाही, त्यामुळे कोई.

२४ मार्च

आज वाईट वाटतंय. पीएच ८.२ होता, झाडांना ६.८ ते ७ लागतो, म्हणून फॉस्फोरिक अ‍ॅसिड १० मिली पाण्यात मिसळून सरळ टँकमध्ये टाकलं. तासाभरात ७.६. खूश झालो. सकाळी परत ८.२. परत १० मिली, परत ७.६, परत सकाळी ८.२. असं तीन दिवस. आज सकाळी मासे पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात वरती येऊन उभे होते आणि काळा-केशरी होता तो, सगळ्यात आधी हाताशी यायला लागलेला, तो तळाला आडवा होता.

झालं काय ते नंतर कागदावर मांडलं तेव्हा कळलं. केएच एवढं जास्त असताना अ‍ॅसिड टाकलं की ते केएचशी भांडून कार्बन डायऑक्साइड तयार करतं, त्या वायूमुळे पीएच तेवढ्यापुरता पडतो, मग रात्रभरात वायू उडून गेला की पीएच होता तिथे, आणि केएच जेमतेम अर्धा अंश उतरलेलं, ते किटला दिसत पण नाही. म्हणजे मी पाणी काहीच बदललं नव्हतं, फक्त माशांना रोज झोके दिले. पीएच हे खरं तर दिसणारं टोक आहे, ते धरून ओढायचं नसतं. हात लावायचा तो केएचला.

अ‍ॅसिडची बाटली गच्चीवरून खाली नेऊन कुलपात ठेवली. आता असं ठरवलंय, नळाचं पाणी (केएच फक्त ३ आलं, खडकवासल्याचं पाणी किती मऊ आहे ते तेव्हा कळलं) ड्रममध्ये २४ तास एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून क्लोरीन उडवून घ्यायचं आणि रोजची भर त्याने घालायची, बोअर अगदीच गरज असली तर. हळूहळू बॅक्टेरियाच केएच खाली आणतील.

१४ एप्रिल

पीएच ८, केएच १०. उतरतंय. मासे रोज ३० ग्रॅम खातायत.

वाफ्यात लावलेल्या अळूची नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जुनी पानं ठीक. नवीन पिवळं म्हणजे लोह, कारण लोह झाडात एका पानातून दुसऱ्यात हलत नाही. माशांच्या खाद्यात लोह, पोटॅश, कॅल्शियम हे तीन कमी असतात, ते वरून द्यावंच लागतं. कृषी सेवा केंद्रात गेलो तर दुकानदारांनी आधी मायक्रोन्युट्रिएंट ग्रेड-२ ची बाटली पुढे केली, चांगल्या मनाने, सगळेच नेतात. पण त्यात तांबं आणि जस्त असतं, शेतात पानावर फवारायला ते उत्तम, माशांच्या पाण्यात तांबं म्हणजे विष. ती नको म्हणून फक्त चिलेटेड आयर्न घेतलं (म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह), ईडीटीए १२ टक्क्यांचं, १५ ग्रॅम टाकलं.

२२ एप्रिल

आठ दिवस झाले, काहीच फरक नाही. ईडीटीए ज्या लोहाला धरून ठेवतो ते पीएच साडेसहाच्या वर गेला की सोडून देतो, मग लोह गंजासारखं तळाला बसतं, मुळांच्या काही उपयोगाचं राहत नाही. माझा पीएच ८. परत दुकानात जाऊन ईडीडीएचए ६ टक्के आणलं, तिप्पट महाग, पण ते ९ च्या पुढेपर्यंत टिकतं. ३० ग्रॅम बादलीत विरघळवून ओतलं, म्हणजे लिटरला २ मिलीग्रॅम लोह. सगळं पाणी कोकम सरबतासारखं लाल, आई वर आली आणि घाबरलीच, "अरे मासे मेले का रे?" म्हणाली. मासे मजेत फिरत होते, फक्त दिसत नव्हते.

३ मे

अळू हिरवं. मधलं जे पान उलगडतंय ते तर तेल लावल्यासारखं चकाकतंय, वर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळतो. पुदिना आवरत नाही, सोसायटीत वाटतोय.

९ मे

गुरुवार, लाइट सकाळी नऊला गेली ती अडीचला आली. पाण्याचं तापमान ३१. ३० अंशाला पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलीग्रॅमच ऑक्सिजन मावतो, पुणे उंचावर असल्याने त्याहून थोडा कमी, आणि त्यातला माशांइतकाच बॅक्टेरियाही ओढतात. बॅटरीवरचा छोटा एअर पंप आहे म्हणून निभावलं. वर हिरवी नेट डबल केली. लाइट जाते ती बहुतेक गुरुवारीच, म्हणून गुरुवारी सकाळी खाद्य नाही, हा नियम.

आणखी एक, टेस्ट रोज सकाळी सातलाच करायची. टँकच्या कडेला शेवाळ आलंय, ते दिवसभर कार्बन डायऑक्साइड खातं त्यामुळे संध्याकाळी पीएच दोन-तीन दशांशाने जास्त दिसतो, मग वही बघून उगाच वाटतं काहीतरी बिघडलं.

२६ मे

पीएच ७.६, केएच ८. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ४०. उन्हाळ्यात रोज १०-१५ लिटर पाणी उडतं, मधे आठवडाभर नळाला पाणीच नव्हतं तेव्हा बोअरचं घालावं लागलं. बोअरचं १५ लिटर पाणी टाकलं की केएचचे चार ग्रॅम क्षार येतात, आणि रोजच्या ३० ग्रॅम खाद्यामागे बॅक्टेरिया जास्तीत जास्त साडेपाच ग्रॅम खातात, त्यातलं काही झाडं नायट्रेट ओढताना परत देतात. म्हणजे बोअर चालू असताना जवळजवळ तोलच होतो. म्हणून त्या आठवड्यात केएच हलत नव्हतं. बरं वाटलं हे जुळलं तेव्हा.

३० जून

पाऊस सुरू झाल्यापासून भर घालायचीच गरज नाही, उलट टँक वरच्या ओव्हरफ्लोमधून वाहतोय. पीएच ७.४. केएच ५.

१४ जुलै

पीएच ७.२, सगळं छान, झाडं तर विचारू नका. लाल माठ लावलाय. केएच ३.

२८ जुलै, रविवार

हे सविस्तर लिहून ठेवतो.

२४ तारखेच्या रात्रीपासून २५ च्या दुपारपर्यंत जो पाऊस पडला त्याने मुठेला पूर आला, सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, आम्ही दोन दिवस तिकडे ओळखीच्यांचं सामान हलवायला होतो आणि गच्चीवर कोणी गेलंच नाही. आज सकाळी सातला वर गेलो. मासे खाली शांत बसलेले. केएचच्या ट्यूबमध्ये पाच मिली पाणी घेतलं, पहिला थेंब टाकला. नेहमी पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं, मग मोजत जायचं आणि शेवटी पिवळं होतं. आज निळं झालंच नाही. पहिल्याच थेंबाला सरळ पिवळं. दहा मिली घेऊन परत केलं (दुप्पट पाणी घेतलं की एक थेंब म्हणजे अर्धा अंश), पहिल्या थेंबाला पिवळं. म्हणजे केएच अर्धा किंवा त्याहून कमी. पीएच ६, किटचा शेवटचा रंग, खरं तर त्याच्याही खाली असेल. अमोनिया ४. चार महिने शून्य असलेला अमोनिया ४.

कारण काय ते दिसतंच आहे, मी बघितलं नाही. दोन वाफे मिळून उघडं अंग २.४ चौरस मीटर, १०० मिमी पाऊस म्हणजे २४० लिटर पावसाचं पाणी आत, तेवढंच जुनं बाहेर, आणि पावसाच्या पाण्यात केएच जवळजवळ शून्य. जून-जुलै धरला तर टँकमधलं सगळं पाणी एकदा बदलून गेलंय. वर बॅक्टेरियाचं रोजचं खाणं चालूच, आणि बोअरची भर बंद. १६ होतं तेव्हा उतरायची वाट बघत होतो त्यामुळे ८, ५, ३ हे आकडे मी आनंदाने लिहीत गेलो. पीएच तर ७.६, ७.४, ७.२ असा सभ्यपणे उतरत होता, तो केएच संपेपर्यंत काही सांगतच नाही, संपलं की एकदम दरीत. पीएच सहाच्या खाली गेला की बॅक्टेरियाही काम टाकतात आणि अमोनिया साठतो.

शेजारचे काका खरंच काळजीने धावत आले, त्यांची घरची शेती आहे, म्हणाले चुना टाक मूठभर, पाणी आंबलंय, आत्ता उतरेल. मी म्हटलं काका नको, थांबा. आणि इथेच थांबणं महत्त्वाचं आहे म्हणून नीट लिहितो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक अमोनियम, ते माशांना फारसं लागत नाही, आणि दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ले जाळतो. किट दोन्ही एकत्र मोजतं. कुठलं किती हे पीएच ठरवतो. २७ अंशाला पीएच ६ असेल तर मोकळा अमोनिया हजारात एक पण नाही, पीएच ८ ला शंभरात सहा. म्हणजे आत्ता किट ४ दाखवत असलं तरी विषारी भाग ०.००३ पण नाही, मासे शांत आहेत ते म्हणून. चुना मूठभर टाकला असता तर पीएच तासात ८ च्या वर, आणि तोच ४ चा अमोनिया ०.२४ विषारी. ०.०५ पासून त्रास सुरू होतो. संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस, म्हणजे एकोणीस, पालथे दिसले असते आणि आपल्याला वाटलं असतं की पावसाने मेले.

काकांना हे कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, मग काय टाकतोस? मी म्हटलं, बोअरचं पाणी.

केलं ते असं. खाद्य पूर्ण बंद. एअर पंप दोन्ही चालू. ४० लिटर पाणी काढून ४० लिटर बोअरचं, बारीक धारेने, तीन तासांत. १६ केएचच्या पाण्याचे ४० लिटर म्हणजे रोजचा ०.७ अंश. ज्या पाण्याशी मार्चमध्ये अ‍ॅसिड घेऊन भांडलो तेच आज औषध आहे. वाफ्यांवर बांबू लावून पारदर्शक पत्रा टाकला.

२९ जुलै

पीएच ६.४. अमोनिया ४. मासे ठीक. ४० लिटर.

३१ जुलै

पीएच ६.६, अमोनिया २, केएच २. बॅक्टेरिया परत कामाला लागले, अमोनिया नुसत्या पाणी बदलण्याने इतका उतरणार नाही. पीएच सातच्या आत आहे तोवर घाई नाही.

४ ऑगस्ट

पीएच ६.८, केएच ४, अमोनिया ०.२५ च्या आसपास, पिवळ्यात हिरव्याची नुसती छटा. सगळे मासे जिवंत. खाद्य १० ग्रॅमपासून सुरू केलं. वर हात नेला की येतायत.

बहिणीने दिवेआगरहून शिंपल्यांची पिशवी पाठवली. मीठ जावं म्हणून तीन दिवस पाणी बदलत भिजवल्या, मग कांद्याच्या जाळीत भरून पंपाच्या तोंडाशी लटकवल्या. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, जे मार्चमध्ये मार्बलने केलं तेच, पण इथे ते मला हवं तेव्हा काढता येतं. पाणी आंबट व्हायला लागलं की तो जास्त विरघळतो आणि सातच्या वर गेलं की हात आखडतो, त्यामुळे आपण दोन दिवस वर गेलो नाही तरी काहीतरी राखण आहे.

१५ ऑगस्ट

अळूच्या जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी. जुन्या पानांना आलं म्हणजे पोटॅश. ०:०:५० (नुसत्या पोटॅशचं खत) देता आलं असतं, पण पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं, द्राक्षवाले भुरीसाठी मारतात ते. ३२ ग्रॅम दिलं की माझ्या पाण्याचं केएच एक अंश वाढतं आणि पोटॅशही जातं, एकाच वस्तूत दोन्ही कामं. दोन दिवसांत अर्धं अर्धं दिलं. मित्र म्हणतो खायचा सोडा स्वस्त पडतो, पण त्यातलं सोडियम कोणीच खात नाही, साठत जातं आणि झाडं खारटतात, म्हणून नाही.

वहीत आता केएचचा रकाना पहिला केलाय आणि पीएच त्याच्यानंतर. ४ च्या खाली गेलं की त्या दिवशी बोअरचं पाणी, बाकी कामं नंतर.

८ सप्टेंबर, रविवार

सकाळी केएच ५, पीएच ७.२, अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट ३०.

आज ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून आई दरवर्षी ऋषीच्या भाजीसाठी मंडईत अळू शोधत फिरते आणि हे नांगरलेल्या शेतातलं नाही ना असं विचारत बसते. आज ती विळी घेऊन सरळ वर आली. अकरा पानं आणि देठ काढले, लाल माठाची एक जुडी. देठ सोलताना तिने विचारलं हे खाजरं आहे का, मी म्हटलं माहीत नाही, चिंच घाल. चिंच घातली, खाजलं नाही. खुडलेल्या जागी नवीन दोन सुरळ्या आत्ताच दिसतायत, लोहाची पुढची मात्रा बुधवारी.